अर्ध्यावरची चाल

भरल्या ताटावरून मी आयुष्यात एकदाच उठले. समोर वालाचं बिरडं होतं, दोन जिलब्या होत्या आणि नुकतीच वाढलेली पुरी अजून फुगलेली होती. मी खरकटा हात तसाच अंगापासून लांब धरून उभी राहिले आणि पंगतीच्या मधून चालू लागले.

"ओ बाय! काय झाला?" वाढपी मागून ओरडला.

मला ऐकायचं होतं.

लग्न आमच्या शाळेचे शिपाई चांगू पाटील यांच्या मुलीचं होतं, पेणहून तासाभराच्या अंतरावर, खाडीकाठच्या खारजुई गावात. मे महिन्याची दुपार. अक्षता पडल्या होत्या, पोरं नाचून नाचून घामाघूम झाली होती, आणि आता नवरानवरीसकट सगळं गाव जेवायला बसलं होतं. बेंजो ग्रुपचे ढोलवाले, ताशेवालेसुद्धा पंगतीत होते. फक्त बेंजो मास्तर मांडवाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता आणि वाजवत होता. कर्णा बंद करायला तो विसरला असावा, कारण वाजवणं चाललं होतं ते स्वतःपुरतं.

ज्यांनी आमच्याकडची लग्नं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बेंजो म्हणजे एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर तारा ताणलेल्या आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. हळदीला, लग्नाला, गणपतीला त्याच्याशिवाय आमच्या भागाचं पान हलत नसे. आणि आमच्या गावातली संगीतातली जाणती माणसं त्याला वाद्य म्हणत नसत. मीही म्हणत नव्हते, हे कबूल करते.

त्या वेळी मी शाळेत गणित शिकवत होते आणि शाळेबाहेर 'स्वरवेल' संगीत मंडळाची चिटणीस होते. गळा माझा बेताचाच. बारा वर्षं शिकवून झाल्यावर लेले मास्तरांनी "ओगलेबाई, तुम्ही आता ऐका" असा सल्ला दिला आणि तो मी मनापासून मानला. कानाच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. दर जानेवारीत एका रविवारी सकाळी मंडळ एका अनोळखी कलावंताला बसवत असे, आणि तो शोधून आणायचं काम माझं. नऊ वर्षांत नऊ जण आणले. त्यातल्या सहांना पुढे पुण्यामुंबईची बोलावणी आली. उरलेल्या तिघांच्या बाबतीत पुण्यामुंबईची चूक झाली असं माझं मत आहे.

तर त्या दुपारी पहिल्या घासाला माझा हात थांबला. चाल तीन सुरांवर सुरू झाली होती. आगरी लग्नात धवलारणी बायका जे धवले गातात त्यांचा हेल तिच्यात होता, पण फक्त हेल. त्या तीन सुरांत तो घोळत राहिला, घाई नाही, नखरा नाही. मग एका फेरीत चौथा सूर आला आणि तो आल्याचं मला दोन फेऱ्यांनंतर कळलं. पाचवा आला तेव्हा मी उठले. आणि हे सगळं चालू असताना तो सा वर टेकतच नव्हता. सा च्या भोवती फिरायचा, अगदी उंबऱ्याशी यायचा आणि वळायचा. ऐकणाऱ्याचा जीव वर टांगलेला, पण सुखानं टांगलेला. शिवाय मधूनच एका सुरावरून दुसऱ्या सुरावर तो लोण्यातून सुरी जावी तसा घसरत जायचा. बटणांच्या वाद्यावर असं घसरता येत नाही, हे कुणीही सांगेल.

मी त्याच्यापासून चार हातांवर जाऊन उभी राहिले. तेव्हा दिसलं, त्याच्या बेंजोची चार बटणं नव्हतीच. तिथं तो उघड्या तारेवर थेट बोट ठेवून सरकवत होता.

"बाय!" चांगूमामा धावत आले. त्यांच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन त्यांची बायको गोमीबाय, आणि तिच्यामागे चेहरा पाडून नवऱ्याची आई. "जेवनावरून उठलाव! काय चुकला आमचा?"

"काही चुकलं नाही हो..."

"बिरडा खारट झाला का? केस निंगाला?"

"चांगूमामा, जरा गप्प बसा ना!"

मी हे जरा वरच्या पट्टीत बोलले असणार. मांडव चिडीचूप झाला. बेंजो मास्तरनं दचकून वर पाहिलं, तारांवर हात ठेवला आणि चाल बंद पडली. बंद पाडणारी मीच.

"पुढे?" मी म्हटलं.

"पुढं काय?" तो म्हणाला.

"पुढे वाजवा ना. थांबलात का?"

तेवढ्यात नवऱ्याकडचा एक पोरगा पंगतीतूनच ओरडला, "हसुदादा, जेवन झाला रं, नाचाचा लाव!" आणि हसुदादानं निमूटपणे नाचाचं लावलं.

मी पुन्हा ताटावर बसले. थंड पुरी खाल्ली, दोनाच्या चार जिलब्या खाल्ल्या, कारण चांगूमामाच्या घरावरचा बोल मलाच धुऊन काढायचा होता. पण तिथून हलले नाही. वरात निघायच्या आधी ढोलवाले चहाला गेले तेव्हा मी त्याला गाठलं.

हसुराम म्हात्रे. वय चाळिशीच्या अलीकडे, अंगानं काटकुळा, डोळे हसरे. एरवी पेण ते खारजुई मिनीडोर चालवायचा. मिनीडोर म्हणजे आमच्याकडची सहा माणसांची रिक्षा, जिच्यात अकरा माणसं बसतात.

"ती चाल कुणाची?" मी विचारलं.

"कुनाची नाय. आपलीच."

"आपली म्हणजे? तुम्ही बांधलीत?"

"बांदली म्हंजे... वाजवता वाजवता झाली." त्यानं गाल खाजवला. "बटना तुटली, नवी मिलत नाय. मंग बोटानं वाजवला. बोट घसरला. मना वाटला, ह्ये बरा लागतंय."

"केवढी आहे?"

"लांब हाय."

"लांब म्हणजे?"

"कोनाला ठाव! पुरती कोनी ऐकलीच नाय, बाय. लगीन म्हनजे जेवनाच्या टाइमाला जरा मोकलीक भेटते. सुरू केली का कोनतरी बोंबलतो, नाचाचा लाव." तो हसला. त्यात तक्रार नव्हती. "आज तुमी बोंबललाव."

मला माझ्याच कानशिलात मारून घ्यावीशी वाटली.

"आता काय," तो म्हणाला, "यंदाचा साल शेवटचा. सगल्यांना डीजे पायजे. बेंजो टाकनार मालावर."

"माळ्यावर टाकायच्या आधी ती एकदा पुरती वाजवायची," मी म्हटलं. "आमच्या मंडळात. जानेवारीत. मधे कुणी एक अक्षर बोलणार नाही, ही जबाबदारी माझी."

"तिथं नाचत नाय?"

"नाचत नाहीत. ऐकतात."

"बरा," तो म्हणाला, जसं एखाद्या गावच्या लोकांविषयी ऐकून घ्यावं, की ते म्हणे भाकरी खात नाहीत.

मंडळाचे अध्यक्ष लेले मास्तर. तेव्हा सत्तरीला टेकलेले, ताठ, पांढरंशुभ्र धोतर, आणि सुराच्या बाबतीत सख्ख्या भावालाही न सोडणारे. कार्यकारिणीची बैठक त्यांच्या ओसरीवर भरली. मी नाव सांगितलं, वाद्य सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"बेंजो," ते म्हणाले.

"हो."

"पुढच्या वर्षी ताशा आणाल."

"चांगला वाजला तर आणीन."

"ओगलेबाई, तुमच्या कानाबद्दल मला आदर आहे. तो कान घडवायला मीही थोडी मदत केली आहे. पण बटणांवर मींड नाही, श्रुती नाही. त्यावर संगीत होईल, पण ते वरातीपुढचं."

"त्यानं चार बटणं काढून टाकली आहेत. मींड आहे, मास्तर. आणि सा टाळतो. वीस मिनिटं सा टाळतो! असं धाडस मी नामवंतांत पाहिलं नाही."

"वीस मिनिटं? म्हणजे पूर्ण ऐकलंत तुम्ही?"

इथे मी अडकले. खोटं बोलणं मला जमत नाही, कारण गणितात त्याचा उपयोग होत नाही.

"नाही. दहा-बारा ऐकली. लांब आहे म्हणाला तो."

"अर्धवट ऐकून पूर्ण मैफल द्यायची?"

"नाही चाललं, तर त्याच दिवशी चिटणीसपद सोडते."

इतर चौघं मास्तरांकडे बघत होते. मास्तर माझ्याकडे. "पद सोडून आम्हाला शिक्षा कशाला?" ते म्हणाले. "बोलवा त्याला. पण आधी एकदा मला ऐकवा. सगळ्यांचं आधी ऐकतो, त्याचंही ऐकेन."

नियम रास्त होता. मी दुसऱ्याच दिवशी मिनीडोरच्या नाक्यावर गेले. हसुराम गाडीच्या काचेवर फडकं मारत होता. मी सांगितलं, मास्तरांच्या घरी यायचं, चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून दाखवायची.

त्याचा हात थांबला. "शेवटपर्यंत?"

"हो."

"नाय बाय. तिथंच वाजवीन. मंडलात."

"अहो, पण आधी ऐकल्याशिवाय..."

"तिथंच." तो पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलला. "येकदाच वाजवीन. मंग तुमी नको बोललाव तरी चालेल."

मला तो करारीपणा फार आवडला. कलावंत असावा तर असा, उगाच कुणाच्या ओसरीवर नमुना दाखवत न हिंडणारा. मी मास्तरांना तसंच सांगितलं, थोडं मीठमसाला लावून. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येऊ दे. मी पुढच्या रांगेत बसतो."

जानेवारीतला तो रविवार उजाडला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं आमचं सभागृह. सतरंज्या, मागे खुर्च्या, खिडक्यांतून कोवळं ऊन. ऐंशी माणसं आली होती. अर्धी संगीतासाठी आणि अर्धी ओगलेबाई पडतात कशा ते बघायला. दोन्ही प्रकारचे श्रोते मला चालतात, आल्याशी मतलब.

दारावर मंडळाची पाटी होती: 'कार्यक्रम चालू असताना दाद देऊ नये. हालचाल करू नये.' आमच्या संस्थापकांना मधेच 'वा वा' करणाऱ्यांचा तिटकारा होता. त्यांनी नियम केला आणि पुढे मी तो माझ्या वळणदार अक्षरात रंगवून घेतला. चोवीस वर्षांत आमचं मंडळ त्यात इतकं तयार झालं होतं की आवडत्या जागेला श्रोत्याची पापणीसुद्धा लवत नसे. बाहेरचे कलावंत त्याचं कौतुक करायचे.

हसुराम आला तो मेहुण्याला घेऊन. मेहुणा रामदास ढोलकीवर. दोघांच्या अंगात पिवळे धमक टीशर्ट, पाठीवर लाल अक्षरांत 'जय हनुमान बेंजो ग्रुप, खारजुई'. पुढच्या रांगेतल्या दोन रेशमी साड्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मी हसुरामला सगळं नीट समजावलं. कुठे बसायचं, माइक किती लांब ठेवायचा, पाणी कुठे आहे, ढोलकी जरा दबून. गणिताची बाई मी, पण हातचा धरायला विसरले. पाटीचं काही मी त्याला सांगितलं नाही. माझ्या दृष्टीनं ती कलावंतासाठी नव्हतीच.

चाल सुरू झाली. तेच तीन सूर. त्या सभागृहाच्या शांततेत ते मांडवातल्यापेक्षा कितीतरी मोठे वाटले. चौथा सूर आला, आणि या वेळी मी तयारीत असूनही तो मला चकवून आत शिरला. उघड्या तारेवरचं बोट घसरलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. पाचवा. सहावा. मी आधी जिथपर्यंत ऐकलं होतं ती जागा मागे पडली आणि चाल नव्या मुलखात शिरली. रामदासची ढोलकी आता फक्त बोटांच्या टोकांनी वाजत होती. मी सांगते, त्या वेळी सभागृहात बसलेल्या माणसांना कुणी नाव विचारलं असतं तर आठवलं नसतं. ऐंशी माणसं आणि एक हालचाल नाही. इतकी शांत बैठक मी चोवीस वर्षांत पाहिली नव्हती. मी मनात म्हटलं, जिंकलो.

हसुरामनं डोळे वर करून समोर पाहिलं. पुन्हा खाली घातले. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं, या वेळी डावीकडून उजवीकडे. त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. तिसऱ्यांदा त्यानं पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शाळेत फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या पोरांच्या तोंडावर हजारदा पाहिलेलं आहे. आणि तरीही मला कळलं नाही.

त्यानं तारांवर हात ठेवला. चाल बंद.

"सॉरी हां," तो माइकात म्हणाला. "नाय जमला. आता नाचाचा वाजवतंय."

रामदासच्या खांद्यावरचं ओझं उतरलं जणू. त्यानं ढोलकीवर थाप मारली आणि वाचनालयाच्या त्या सभागृहात हळदीचा नाच सुरू झाला.

चिटणीसपद गेलं चुलीत. ही चाल आता कधीच पुरी होणार नव्हती. तो घरी जाणार, बेंजो माळ्यावर टाकणार, आणि जगात दुसऱ्या कुणाच्या बोटात ती नव्हती. आणि दुसऱ्यांदा ती थांबली होती माझ्यामुळे. हळदीत, लग्नात, जिथे जिथे हा माणूस वीस वर्षं वाजवत आला होता, तिथे माणसं हलली नाहीत याचा अर्थ एकच. वाजवणारा पडला. आणि मी त्याला आणून बसवलं होतं अशा ऐंशी माणसांपुढे, ज्यांना मी स्वतः दगड व्हायला शिकवलं होतं.

मी उभी राहिले. "हसुराम! थांबा!"

हा माझा नववी ब च्या वर्गातला आवाज. ढोलकी बंद पडली. कार्यक्रम चालू असताना मंडळाची चिटणीस ओरडते आहे, हे पाहून मागच्या खुर्च्यांवरची मंडळीही उठून बघू लागली.

"मना ठाव हाय बाय," तो म्हणाला, "तुमची लाज गेली."

"माझी लाज कुठे जात नाही. चाल का सोडलीत?"

"कोनी हाललाबी नाय! मान पन नाय हालवली. मंग कशाला वाजवू?"

"अहो, आमच्यात आवडलं की हलत नाहीत!"

"नाय?" त्यानं सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. खरोखरच त्याला आमची कीव आली असावी. "मंग नाय आवडला तर काय करताव?"

"खोकतात," पुढच्या रांगेतून लेले मास्तर म्हणाले.

सभागृह हसलं. इतकं हसलं की रेशमी साड्याही हसल्या. मास्तर मात्र हसले नाहीत. ते सतरंजीवरून जरा पुढे सरकले.

"आणि मी अजून खोकलेलो नाही," ते म्हणाले. "पण मला तुमचा राग आला आहे. मघापासून तुम्ही आम्हाला षड्जाच्या दारापर्यंत नेता आणि परत फिरवता. एकदा नेलंत, दोनदा नेलंत, दहादा नेलंत. आम्ही आलो मुकाट्यानं. आणि आता तिथेच सोडून निघालात? ही कुठली रीत?"

हसुरामनं माझ्याकडे पाहिलं. "काय बोलतान मास्तर?"

मला एका क्षणात सुचलं. "ते म्हणतात, आम्हाला अर्ध्या वाटेत उतरवू नका."

त्याचा चेहरा बदलला. मिनीडोरवाल्याला यापेक्षा मोठा बोल नाही. "तसा मी कुनाला उतरवत नाय," तो जरा लागून म्हणाला. मग बेंजो मांडीवर नीट घेतला. "सगलेच बसताव?"

"सगळे," मी म्हटलं.

"किती टाइम?"

"तुमचं होईपर्यंत."

तो बसून राहिला. बराच वेळ. तारांना हात नाही. मला वाटलं, सूर आठवतो आहे. रामदासनं ढोलकी बाजूला सरकवून ठेवली, हे मी तेव्हा पाहिलं आणि त्याचा अर्थ मला लागला नाही.

मग तो जिथे थांबला होता तिथूनच त्यानं चाल उचलली. ढोलकीशिवाय. एकटा बेंजो. आता त्याला घाई होतीच कुठे? एकेक सूर तो ठेवायचा, त्याच्याकडे बघायचा आणि मग दुसरा ठेवायचा. दोनदा चुकला. चुकला तिथे थांबला नाही, त्या चुकीलाच हाताशी धरून पुढे गेला आणि ती चूक राहिली नाही. आधीच्या सहा सुरांतला एकेक सूर त्यानं सोडून दिला. राहिले परत तीनच, पण सुरुवातीचे नव्हेत. आणि मग त्यानं उघड्या तारेवर बोट ठेवून ते खालून, अगदी खालून वर आणायला सुरुवात केली. आम्ही सगळे वरून वाट बघत होतो आणि सा आला खालून. आला तो इतका अलगद, की तो आला आहे हे कळेपर्यंत तार वाजायची थांबलीही होती.

कुणी हललं नाही. या वेळी तो घाबरला नाही. हात मांडीवर ठेवून आमच्याकडे बघत बसला, आणि हळूहळू त्याचं हसू सगळ्या तोंडभर पसरलं. मग लेले मास्तर उठून उभे राहिले आणि धोतराचा सोगा एका हातात धरून मंचापर्यंत गेले. त्याच्या बेंजोवर, जिथे ती चार बटणं नव्हती, तिथे बोट फिरवून पाहिलं. त्यानंतर टाळ्या पडल्या त्या आमच्या मंडळात कधीच पडल्या नव्हत्या.

या गोष्टीला वीस वर्षं झाली. बेंजो माळ्यावर गेला नाही. हसुराम म्हात्रे पुढे पुण्यात वाजवून आले, भोपाळमध्ये वाजवून आले, आणि चार बटणं काढलेला बेंजो मागायला आता पोरं त्यांच्या घरी येतात. त्यांना शोधून काढलं ते ओगलेबाईंनी, असं गावात बोललं जातं. मी बोलू देते. कान माझा होता हे खरंच आहे. पण त्या दिवशी जिन्यात जे घडलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मंडळी पांगली होती. हसुराम जिन्याच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. फार खूश होते मी.

"कमाल आहे तुमची," मी म्हटलं. "एवढा शेवट पोटात ठेवून बसलात आणि मला नाक्यावर सांगितलंही नाहीत. आधी वाजवणार नाही म्हणालात ते याचसाठी ना? शेवट राखून ठेवायला?"

त्यानं चहाचा घोट घेतला. "शेवट नव्हताच, बाय."

"म्हणजे?"

"नव्हताच. जिथं हात ठेवला ना मघाशी, तिथपर्यंतच हाय ती. म्हंजे होती." त्यानं मान खाली घातली. "मास्तरच्या घरी शेवटपर्यंत वाजव बोललाव तवा मना शरम वाटली. काय वाजवू शेवटपर्यंत? मना वाटला, लोक उठतील, कोनतरी बोंबलंल, सुटलो. तर तुमचे कोनी उठतच नाय."

मींड, श्रुती, सा टाळायचं धाडस. किती ऐटीत मी ते मास्तरांच्या ओसरीवर मांडलं होतं! त्यानं सा टाळला नव्हता. सा पर्यंत त्याला कुणी कधी पोचूच दिलं नव्हतं.

"पण इतकी वर्षं," मी म्हटलं, "घरी, एकट्यानं बसून पुरी करावीशी वाटली नाही?"

"कुनासाठी?" त्यानं सरळ विचारलं. "जेवडी कोनी ऐकायचा तेवडीच केली. पयली दोन मिनिटा ऐकायचे, तवा दोन मिनिटांची होती. मंग येका लग्नात जेवन लांबला, तर पाच मिनिटांची झाली. तशी तशी वाडली."

खाली रामदासनं मिनीडोर सुरू केली आणि हॉर्न दिला. हसुराम उठला, कप पायरीवर ठेवला, बेंजो काखोटीला मारला.

"हसुराम," मी म्हटलं, "आता पुन्हा वाजवाल तेव्हा असाच शेवट करायचा. हाच. विसरू नका."

तो दोन पायऱ्या उतरून थांबला. "तसा कसा सांगू, बाय," तो म्हणाला. "तुमी किती टाइम बसताव, त्याच्याव हाय."